स्वयंशिस्त

मानपाड्याची रसिका सकाळी डी.एड. करायची आणि दुपारनंतर एम.ए.चा अभ्यास. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता, ‘शिक्षकाचे लक्ष नसताना पहिलीतील मुलांची स्वयंशिस्त’. दोन वर्षं पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ती लक्ष ठेवत होती. शिस्त काही दिसली नव्हती.

डी.एड.चा शेवटचा सराव पाठ बाळकुमच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गावर होता. यात नापास म्हणजे वर्ष गेलं. मुलांना चित्र काढायला सांगून ती मिनिटभर खुर्चीत टेकली. डोळे उघडले, तर परीक्षक उत्तरामॅडम मुलांमध्ये बसून गुण भरत होत्या.

“मॅडम, सॉरी. किती वेळ झाला?”

“वीस मिनिटं. मी आल्या आल्या ही सान्वी मलाच म्हणाली, हळू बोला, बाई दमल्यात. चाळीस पोरं, पण एकानं आवाज केला नाही.”

“म्हणजे मी नापास?”

“पास. वर्गनियंत्रणाला दहापैकी दहा. आणि अगं, तुझ्या प्रबंधालाही उदाहरण मिळालं की.”

रसिकाने जांभई दाबली.

“नाही चालणार, मॅडम. निरीक्षण स्वतः केलेलं लागतं.”