तिसरी हेमलता

पडद्यावरच्या दुसऱ्या हेमलताची सहा महिने गोळी घेऊन झाली होती. खऱ्या हेमलताचा तेवढ्या वेळात चहाही संपला नव्हता.

"कशी आहेस?" औषध आधी आजमावून पाहायला संगणकावर बनवलेल्या तिच्या त्या प्रतिकृतीला डॉक्टर साखरेंनी विचारलं.

"चाललंय," ती गोड हसली.

"हीच गोळी द्या," नवरा दिगंबर म्हणाला. "आधीच्या गोळीवरची पहिली प्रतिकृती सारखी गॅस बंद आहे का बघत बसली होती."

"पण ही उगाच हसतेय," खरी हेमलता म्हणाली. "मला तर असं—"

"अगं, हसतेय ते चांगलंच आहे ना."

हेमलताच्या डोक्यातून पुढचं निसटलं. चाळीस वर्षं असंच निसटत होतं. सगळे तिला वेंधळी म्हणत आले. हा लक्ष न टिकण्याचा आजार असेल, तपासून पाहावं, असं कुणाला सुचलं नाही. तिची उदासी आणि छातीतली धडधड त्या वेंधळेपणाच्या शरमेवरच पोसली होती.

डॉक्टरांनी तिसरी प्रतिकृती सुरू केली. हिला त्या दोन्ही गोळ्या एकत्र दिल्या होत्या. ती थोडी घाबरलेली होती, पण नजर स्थिर होती. तिने दिगंबरकडे पाहिलं.

"तू माझं बोलणं मधेच तोडतोस. मला वाटायचं, माझंच लक्ष उडतं. उडतं, पण दर वेळी नाही."

"हा साइड इफेक्ट आहे," दिगंबर म्हणाला. "लिहून घ्या, डॉक्टर."

डॉक्टरांनी खऱ्या हेमलताकडे पाहिलं.

"मला हिच्याच गोळ्या हव्यात," ती म्हणाली, "कारण—"

"अगं, पण—"

"थांब. माझं बोलून झालेलं नाही."

पुढे काय बोलणार हे तिलाही नीटसं ठाऊक नव्हतं. ते ऐकायला पडद्यावरची हेमलता पुढे झुकली.