खालची देवळी

"आणि हा बघा," मातीच्या भिंतीतल्या जमिनीलगतच्या कोनाड्याकडे बोट करत बापू मुक्कामाला आलेल्या शहरी पाहुण्यांना म्हणाला, "इथं शिकारी कुत्र्यांना भाकरी ठेवायचे." पाहुण्यांनी वाकून फोटो काढले.

चुलीवर पिठलं घोटणाऱ्या गोदाक्काच्या अंगाची लाही लाही झाली. खिलार बैल राखायला माळावर बांधलेलं हे घर तिच्या वडिलांच्या हातचं. भुसा कालवून पाडलेल्या कच्च्या विटा, वर पांढऱ्या मातीचं सपाट धाब्याचं छत. दिव्याच्या बाकी देवळ्या त्यांनी डोक्याच्या उंचीला काढल्या. ही एकच खाली, थोरल्या लेकीसाठी. चंद्राचे पाय जन्मापासून लुळे. ती सरपटत यायची आणि सांजवात आपल्या हातानं लावायची.

गोदाक्कानं बापूला, आपल्या धाकट्या भावाला, आत बोलावलं. "आपण कुत्री कधी पाळली होती रं?"

"अगं अक्का, लुळी पोर सांगितली की लोक हळहळतात न् निघून जातात. कुत्रं सांगितलं की फोटो काढतात, चार जणांना दाखवतात. धंदा हाय ह्यो."

पिठल्याची पळी हातात तशीच घेऊन ती पाहुण्यांसमोर आली.

"आई रानात गेली की त्या कुत्रीच्या मांडीवर तू वाढलास, बापू. आता तिचं नाव सांग ह्यांना."

बापू उभ्याउभ्याच पाहुण्यांकडे वळला.

"आधी खाली बस," ती म्हणाली, "आणि मग सांग. ह्या घरात तिच्याशी कुणी उभ्यानं बोलत नव्हतं."