मास्तरांचा उजवा हात

"झोपताना हात कसा ठेवता, मास्तर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तपासणीच्या टेबलावर आडवे झालेल्या शिंपीमास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाजूच्या खुर्चीतून लेक म्हणाली, "सांगा ना बाबा. दुकानात तर तोंडाचा पट्टा थांबत नाही."

मास्तरांनी उजवा हात खांद्यातून लांब केला, तळवा वर करून कोपर जरासं मुडपलं. टेबल अरुंद. हात बाहेर लोंबू लागला.

"असा? रात्रभर?"

"एकतीस वर्षांची सवय आहे."

लेकीनं पर्स उघडली आणि उगाचच बंद केली.

डॉक्टरबाईंनी मानेच्या बाजूला बोटानं दाबून पाहिलं. "इथला स्नायू आखडलाय. हाताची नस त्यात दाबली जाते. म्हणून कळ, म्हणून मुंग्या. इंजेक्शननं स्नायू सैल पडेल."

"हातातून कात्री सुटते हो यांच्या," लेक म्हणाली. "परवा गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड वाया गेलं. तरी दोनदा तारीख चुकवली. आज धरून आणलंय."

"सुईची भीती वाटते?"

"शिंप्याला?" मास्तर हसले. मग हळूच म्हणाले, "कळ जाऊ दे. मुंग्या तेवढ्या ठेवता येतील का?"

"दोन्ही एकाच नसेचं दुखणं. का हो?"

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "पहाटे मुंग्या येतात. डोळे उघडायच्या आधी वाटतं, हातावर हिचं डोकं आहे. काढून घेतला तर झोपमोड होईल. म्हणून हलत नाही."

डॉक्टरबाईंनी सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली. ट्रे वाजला.

लेक उठली. तिनं तो लोंबता हात उचलून त्यांच्या पोटावर ठेवला. "आई असती तर कान धरून आणलं असतं तुम्हाला."

"असती तर," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मान वळवून दिली.

दोन ठिकाणी टोचलं. डाव्या हातानं कॉलरचं बटण लावत मास्तरांनी विचारलं, "किती दिवस टिकतं हे?"

"तीनेक महिने."

"मग मुंग्या परत येतात?"

"बहुतेक येतात." डॉक्टरबाई सुई टाकायला वळल्या. "आल्या की लगेच धावत माझ्याकडे यायला हवं, असं नाही."

दाराशी कॅलेंडर टांगलं होतं. लेक औषधाची चिठ्ठी घेऊन पुढे गेली. मास्तर थांबले आणि त्यांनी एकेक करून तीन पानं वर उचलून धरली.