पेल्याची जागा

पेला खिडकीत ठेवला होता. खाटेपासून लांब, आणि रिकामा. कादंबरीत होता तसाच.

“हाच तो पेला!” स्मारक समितीचे चिटणीस म्हणाले आणि जमलेल्या वाचकांनी टाचा उंच केल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन पिढ्यांना रडवणारी ती अभिजात कादंबरी, आणि तिच्यातल्या सासूची ही खोली. आजपासून सगळ्यांना बघायला खुली. अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या हाती लागू नये म्हणून सून पेला मुद्दाम खिडकीत ठेवते आणि म्हातारी तहानेनं तडफडून जाते, हे प्रकरण आता शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे.

“हा पेला म्हणजे मानवी क्रौर्याचं प्रतीक,” एक प्राध्यापक म्हणाले.

“काय कैदाशीण असेल हो ती सून!” एक बाई डोळ्यांना रुमाल लावून शेजारणीला म्हणाली.

शेजारी उभी होती ती म्हणजे तीच सून. आता पार म्हातारी झालेली, नातीचा हात धरून उभी. दिरानं कादंबरी लिहिली आणि नाव कमावलं, पण आजच्या आमंत्रणात वहिनीचं नाव तेवढं सोयीस्करपणे राहून गेलं होतं. ती आपणहून आली होती. एरवी आलीही नसती. इतकी वर्षं लोक पाठीमागे कुजबुजले, तिनं कानाआड केलं. पण गेल्या आठवड्यात शाळेत हे प्रकरण शिकवलं आणि नातीनं भर जेवणात विचारलं, “आजी, तू पणजीला खरंच पाणी दिलं नाहीस?” आजीचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून पोरगी पाणी आपल्या हातानं घेऊ लागली. आजीनं पुढे केलेलं घेत नव्हती.

“भाऊजी,” आजीनं हाक मारली. आवाज चांगला खणखणीत.

पुष्पगुच्छ सांभाळत कादंबरीकार वळले. “वहिनी! तुम्ही? अहो, एवढ्या गर्दीत कशाला...”

“हा पेला इथं कुणी ठेवला?”

“कादंबरी आहे ती, वहिनी. सगळं कल्पित. त्यातली सून म्हणजे काही तुम्ही नव्हे.”

“मग तिच्या मनगटावर हा कशाला आला?” तिनं बाही वर सारली. भाजल्याचा लांबट डाग सगळ्यांना दिसला. पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. “तुमच्या आईच्या अंघोळीचं पाणी उतरवताना भाजले मी. रोज उतरवत होते. डाग तेवढा उचललात, आणि पाणी कुठे गेलं?”

रुमालवाली बाई हळूच दोन पावलं मागे सरली.

“वहिनी, घरी बोलू आपण.”

“घरीच उभी आहे मी! आई खिळून होत्या तेव्हा कितीदा निरोप धाडले. एकदा तरी आलात?”

“मी तेव्हा... लिहीत होतो.”

“हो. काय लिहीत होतात ते सगळ्या जगानं वाचलं.”

शाब्बास! आई यांची, उष्टं-खरकटं आणि रात्रीची जागरणं हिच्या वाट्याला, आणि कैदाशीण कोण तर हीच! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. आणि खोलीतला एक माणूस तोंड उघडेल तर शपथ. प्राध्यापक छताकडे बघत होते.

आजी सरळ खिडकीशी गेली आणि तिनं पेला उचलला.

“आजीबाई, आजीबाई!” चिटणीस धावले. “वस्तूंना हात नाही लावायचा! पेला नवा असला तरी बाकीची मांडणी अस्सल आहे. खाट, तिवई, सगळं याच घरातलं आहे.”

“मला सांगताय?”

तिवई खिडकीखाली होती. तिच्यावर भरतकामाचं कापड, कापडावर कादंबरीची नवी आवृत्ती. आजीनं पुस्तक उचलून दिराच्या हातात दिलं. “धरा तुमचं.” मग पेला काखेत धरून ती तिवई ओढू लागली. लाकूड फरशीवर करकरलं. म्हातारीचा श्वास फुलला, तरी कुणी हात लावला नाही. तिवई तिनं खाटेच्या उशाशी नेली, भिंतीला टेकवली आणि झटक्यात कापड ओढून काढलं.

पाहुण्यांसाठी आणलेली पाण्याची बाटली तिनं चिटणिसांच्या हातातून काढून घेतली. पेला काठोकाठ भरला.

“आईंचा पेला इथं असायचा,” ती म्हणाली. “उजवा हात तेवढा चालायचा त्यांचा. म्हणून या बाजूला.”

तिनं बघितलंही नाही. डोळे दिरावर होते, हातानं नुसता पेला खाली ठेवला.

तिवईवर एक काळपट गोल होता. रोज ओल्या बुडाचा पेला ठेवून ठेवून लाकडात मुरलेला. पेला बरोबर त्या गोलावर बसला.

कादंबरीकारांनी ते पाहिलं. पुस्तक छातीशी धरून ते नुसते उभे राहिले.

नात गर्दीतून पुढे आली. तिवईशी वाकून तिनं त्या गोलावरून बोट फिरवलं, एकदा पूर्ण वळसा घालून. मग ती सरळ उभी राहिली. पेला हाताशीच होता, पण तिनं घेतला नाही.

“आजी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “तहान लागलीय. तू दे ना.”