चारशे बारा, दोनदा

शनिवारी दुपारी यादीचे सहा कागद हातात घेऊन इमामसाब लेकीच्या टेबलापाशी आले.

“गुल्लू, हा चारशे बारा नंबर दोनदा आलाय बघ.”

गुलनाजनं मान वर केली नाही. पुण्यातल्या कंपनीचं काम ती सोलापुरातल्या घरी बसून करायची आणि आजचं काम पाचच्या आत पाठवायचं होतं.

“दोनदा येऊच शकत नाही, अब्बा.”

यादी वाचनालयाची होती. पाच वर्षांत दहा वेळाही बाहेर न गेलेली पुस्तकं रद्दीत घालायची, असं कमिटीनं ठरवलं होतं. इमामसाब तीस वर्षं तिथं देवघेवीच्या टेबलावर. मोजायचं कुणी, असा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी मोठ्या तोऱ्यात लेकीचं नाव सांगितलं. मग महिनाभर एका बोटानं सगळं रजिस्टर तिच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवलं. पुस्तक एकदा बाहेर गेलं की एक ओळ, ओळीत त्या पुस्तकाचा नंबर, अशा अकरा हजार ओळी. पुढचं काम गुलनाजचं, आणि ते एका ओळीचं. पीएचपी या प्रोग्रॅमच्या भाषेत array_count_values नावाची सोय असते; तिच्यात यादी टाकली की कुठला नंबर किती वेळा आला ते मोजून मिळतं. दहाच्या खालचे तीनशे चाळीस निघाले. तिनं ते न बघताच छापले आणि सेक्रेटरींना मेलही करून टाकले.

“मोजून झालं की प्रत्येक नंबर एकदाच उरतो,” ती म्हणाली. “तेच तर काम असतं त्याचं.”

“अगं, हितं वर हाय आणि खाली परत हाय. मोटार रिवाइंडिंगचं पुस्तक ते. यंत्रमागावरची पोरं नेतात की. कपाटात कधी दिसत न्हाय.”

“तुम्हाला वाटतं तसं. तुमची पुस्तकं आता वाचतंय कोण, अब्बा?”

इमामसाबांनी कागदांची घडी घातली. मग “व्हय, तेही खरंच,” म्हणाले. चहाचा कप त्यांनी स्वतःच विसळला, कागद पिशवीत घातले आणि संध्याकाळच्या पाळीला गेले.

रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

चाळिसावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. आल्यागेल्या प्रत्येकानं एकच विचारलं होतं, शेवटचं काय बोलणं झालं? “नेहमीचंच,” गुलनाज सांगायची. आता विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. भाजीवाली गोजाबाई न विचारता दोघांपुरतं तोलायची. गुलनाज तेवढंच घ्यायची.

बुधवारी धोंडीराम आले. वाचनालयात सकाळची पाळी त्यांची, संध्याकाळची इमामसाबांची. दोघांची गाठ पडायची ती दुपारी किल्ली देताघेताना.

“इमामसाबच्या खणातलं सामान आणलंय, ताई.” त्यांनी चष्म्याचं घर, एक अडकित्ता आणि सहा कागद टेबलावर ठेवले. “उद्या रद्दीचा टेंपो येतोय. पाच पोती बांधून ठिवलीत. पर तुमची यादी लई घोळाची की! नंबर दोन-दोनदा आन् पुस्तक एकच. म्हटलं, मशिनचं आमाला काय कळतंय.”

गुलनाजनं कागद उघडले. वरच्या 412 पासून खालच्या ४१२ पर्यंत अब्बांनी पेन्सिलीनं रेघ ओढली होती. समासात बेरीज केली होती, नऊ आणि आठ, सतरा. तशाच रेघा पुढं नंबरामागून नंबर, तिसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत. त्यानंतर काही नव्हतं.

“रजिस्टरात मी आकडे मराठी घालतो, त्यांचे विंग्रजी,” धोंडीराम म्हणाले. “इतक्या वर्षांत कुणाचं अडलं न्हाय कधी.”

इमामसाबांनी नोंद जशी होती तशी उतरवली होती. सकाळी गेलेलं ४१२, संध्याकाळी गेलेलं 412. वाचणाऱ्याला पुस्तक एकच. प्रोग्रॅमनं मात्र दोन धरली, आणि दोन्ही दहाच्या खाली.

तिनं लॅपटॉप उघडला. मराठी आकडे इंग्रजी करून घेणारी ओळ आधी घातली आणि पुन्हा मोजलं. तीनशे चाळीसचे एकेचाळीस झाले.

“काका, पोती सोडा. आजच. मी नवी यादी देते.”

“सोडतो की.” धोंडीरामांनी चहाचा कप खाली ठेवला. “पर सेक्रेटरी इचारणार, ह्ये झालं कसं? मशिन चुकलं म्हणून सांगू? न्हायतर असं करू, इमामसाबनं उतरवताना घोळ केला म्हणू. ते असते तर त्यांनीच तसं सांगाय लावलं असतं. तुमचं नाव कशाला मधी?”

“नाही, काका.”

तिनं अब्बांचे कागद त्यांच्यापुढं सरकवले.

“अब्बांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. इथंच, तुम्ही आहात तिथं उभं राहून. मी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.”