बारावा कंपायलर

त्यांच्या कंपनीच्या प्रोग्रामिंग भाषेची प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीच्या कंपायलरने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, बांधलेली होती. अकरावी दहाव्याने, दहावी नवव्याने. कुठली आवृत्ती कुठल्या कंपायलरने बांधली याचा तक्ता कंपनीतली तरुण प्रोग्रामर तहानभूक विसरून भरत होती. जोडी जमली की शेऱ्यात लिहायची, "जमलं! उडवा बार!"

शेवटी पहिल्या आवृत्तीची फाईल उघडली. ती बांधली तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

"आजोबा, सापडलं!" ऑफिसातले सगळ्यात जुने, म्हणून ते आजोबा. "पहिली बाराव्याने बांधलीय!"

आजोबा हसले. "डोळे तपासून घे, पोरी. बारावा तर तू उद्या लिहायला घेणार आहेस."

तिने पुन्हा पाहिलं. आकडा बाराच होता. त्याखाली, त्याच जुन्या तारखेचा शेरा होता, "जमलं! उडवा बार!"