आवाज गेलेली जागा

"काकू, यंत्र वाचत गेलं तशी तुमची जुनी व्हिडिओ कॅसेट जळत गेली, मूळ चित्रण आता उरलं नाही. पण काळजी नको, जिथं आवाज गेला होता तिथं यंत्रानं अंदाजानं शब्द भरलेत, ओठही तसेच हलवलेत," तंत्रज्ञ म्हणाला.

पडद्यावर मृणालचं चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न सुरू झालं. "नाव घ्या, नाव घ्या!" मांडवात गलका उठला. गेल्या वर्षी वारलेला तिचा नवरा हेरंब तिथं ऐन पंचविशीत उभा होता. त्यानं यमक जुळवलेला झकास उखाणा घडाघडा म्हटला.

"मस्त आलाय ना?"

"त्याला उखाणा आठवलाच नव्हता रे," मृणाल म्हणाली. "सगळे हसत होते आणि तो नुसता माझ्याकडे बघत राहिला होता. तेवढंच बघायला आले होते मी."